लेबर्टच्या पेटीतली गाठ

"मढं अजून बर्फात हाय, त्येला कुणी आंघूळ घातली न्हाई, आन् तू ह्या पेटीला घालत बसलायस व्हय रं?"

ओबेदची बायको मर्ल दारात उभी होती. एका हातात खोवलेल्या नारळाची परात, दुसरा हात कमरेवर.

"लेबर्टची पोरगी येतीया परवा," ओबेद मान वर न करता म्हणाला. "फोटू काढणार हाय पेटीचा."

"पेटीचा? लेबर्टचा एक धड फोटू न्हाई घरात. मयताच्या कागदावर कुठला छापायचा म्हणून समदी हुडकाय लागल्यात. आन् ही पेटीचा काढणार?"

"आवाजाचा फोटू गं. काम्पुटरात. फोनवर म्हणाली न्हवं का, काका, पेटीच्या आवाजाचा हुबेहूब फोटू घिऊन जायचाय मला, बाबाची तेवढीच खूण ऱ्हाईल."

"मग घास बाबा. पावडर-बिवडर लाव तिला."

मर्ल आत गेली. ओबेदनं ब्रशावर थोडं स्पिरिट घेतलं आणि पत्र्याच्या कोपऱ्यातला गंज पुन्हा खरडायला लागला.

हातभर लांबीची पत्र्याची पेटी. आत दोन बारीक स्प्रिंगा, वाळत घालायच्या दोरीसारख्या आडव्या ताणून बांधलेल्या. एका टोकानं आवाज आत सोडायचा. तो स्प्रिंगेतनं थरथरत दुसऱ्या टोकाला जायचा, तिथं आपटून माघारी यायचा, परत जायचा, आणि बाहेर पडायचा तेव्हा आडात तोंड घालून हाक मारल्यासारखा घुमून आलेला असायचा. कुठल्याशा हॉटेलानं टाकून दिलेल्या ऑर्गनच्या पोटातनं ती काढलेली. किंग्स्टनमध्ये अशा पेट्या डझनांनी होत्या. पण वॉल्टहॅम पार्क रोडच्या मागच्या बोळात लेबर्टच्या स्टुडिओत जी होती, तिचा घुमारा लोक रस्त्याच्या पल्याडनं ओळखायचे. लेबर्ट गाण्यातनं गाणारा काढून टाकायचा, नुसते ढोल आणि बास ठेवायचा, आणि मधेच एखादा ठोका पेटीत सोडून द्यायचा. लई रंगात आला की पेटीवर सरळ मूठ हाणायचा. आतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आदळायच्या आणि गाण्याच्या मधोमध ढग गडगडायचे. मैदानात नाचणारी माणसं वर बघायची.

त्या स्टुडिओतली एकूण एक वस्तू ओबेदच्या हाताखालनं गेलेली. सेंट थॉमसच्या डोंगरातला हा माणूस, बाप ऊस तोडायचा. पोरानं कोयता धरायच्या आधी रेडिओ उघडला आणि बापाच्या शिव्या खाल्ल्या. शहरात येऊन त्यानं मैदानात गाणी वाजवणाऱ्या साऊंडवाल्यांची मशिनं बांधली, कर्ण्यांच्या तारा गुंडाळल्या, लेबर्टचा मिक्सर तर इतक्यांदा दुरुस्त केला की त्यात मूळचं फक्त झाकण राहिलं. लेबर्ट त्याला सगळ्यांदेखत "माझा उजवा हात" म्हणायचा. पण त्या पेटीला मात्र हात लावू द्यायचा नाही.

त्याला कारण होतं, निदान ओबेदला तसं वाटत आलं होतं. गिल्बर्ट वादळ आलं त्या साली स्टुडिओचे पत्रे उडाले आणि पेटी पाण्यात पडली. एक स्प्रिंग तुटली. वादळानंतरच्या त्या दिवसांत पाव मिळायची मारामार, स्प्रिंग कुठनं आणणार? ओबेदनं तुटलेली दोन टोकं एकात एक अडकवली आणि वर कथलाचा डाग मारला. हात ओला, वीज मिनिटामिनिटाला जाणारी. डाग फुगला. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ झाली, ओबडधोबड. शिकाऊ माणसानं असा डाग मारला असता तर ओबेदनं त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. लेबर्टनं पेटी लावली, एक ठोका सोडला, ऐकला. परत सोडला. मग ओबेदकडे बघून हसला, "चालतंय की," म्हणाला आणि झाकणाचे स्क्रू स्वतः आवळले. त्या दिवसापासून ते झाकण त्यानं ओबेदला उघडू दिलं नाही.

"नवी स्प्रिंग हाय माज्याकडं," ओबेद पुढं वर्षानुवर्षं म्हणत राहिला. "दोन मिंटाचं काम हाय."

"ऱ्हाऊ दे रं."

"आरं, डाग बरोबर बसला न्हवता त्येव्हा."

"म्हाईत हाय मला. ऱ्हाऊ दे."

म्हाईत हाय मला. हे ओबेदला झोंबायचं. त्यानं मनाशी धरलं की लेबर्टचा आपल्या हातावरचा विश्वास त्या गाठीपाशी संपला. बोलून दाखवत नाही, दोस्ती म्हणून सांभाळून घेतो एवढंच. कुठल्या मैदानात लेबर्टची रेकॉर्ड लागली आणि तो घुमारा आला की ओबेद वळून ऊस चोखायला नाहीतर सूप आणायला निघून जायचा.

आता लेबर्ट गेला होता. भर सकाळी चहाचा कप हातात असताना झटका आला, कप खाली ठेवायलाही सवड मिळाली नाही. पोरगी नॉर्डिया टोरांटोत, बर्फातनं विमान निघेपर्यंत मढं थांबलेलं. आणि पेटी ओबेदच्या टेबलावर, झाकण उघडं.

फोटो काढायचा म्हणजे माणूस जसा असतो तसा उभा राहत नाही. ओबेदच्या लहानपणी शाळेत फोटोवाला आला तेव्हा आईनं खाकी चड्डीला टॅपिओकाची खळ लावली होती आणि शेजारच्या पोराचे बूट मागून आणले होते. फोटोत ओबेद दुसऱ्याच्या बुटात ताठ उभा आहे. इथल्या बोळातही सगळ्यांच्या घरी असेच फोटो आहेत. मग लेबर्टच्या पेटीचा, जो जगभर जाणार, कायमचा राहणार, तो फोटो त्या गाठीसकट कसा काढू द्यायचा?

त्यानं बिस्किटाच्या डब्यातनं जपून ठेवलेली स्प्रिंग काढली. गाठीवर सोल्डर गन टेकवली. इतक्या वर्षांचं कथील क्षणात चांदीसारखं चमकलं आणि थेंब होऊन टेबलावर पडलं. जुनी स्प्रिंग त्यानं पक्कडीनं कापून केरात टाकली. नवी बसवली, कडक झालेले रबर बदलले, तारांना नवे डाग मारले, बारीक, गोल, गुळगुळीत. एक ठोका सोडून बघितला. स्वच्छ आवाज आला. ओबेद एकटाच मान डोलवत बसला.

"झाली का नवरी तयार?" मर्लनं आतनं विचारलं.

"ये, बघ तरी."

"मला काय कळतंय त्यातलं. केर काढू का तिथला?"

"काढ."

नॉर्डिया आली ती सरळ मर्लच्या गळ्यात पडली. मग ओबेदच्या. अकरा वर्षांत आली नव्हती. परदेशात राहून जीभ गुळगुळीत झालेली, पण रडायला लागल्यावर बोळातलीच निघाली. "काकू, मी म्हनायचे गं त्याला, पुढच्या ख्रिसमसला येते, पुढच्या ख्रिसमसला येते."

"खा आधी," मर्ल म्हणाली. नारळाच्या दुधात आटवलेला मासा आणि उकडलेली केळी तिच्यापुढं ठेवली. "रडायला उद्या बी वेळ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्डियानं स्टुडिओत तिचा लॅपटॉप मांडला. जुन्या वाद्यांची, जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम लिहायचे, हाच तिचा धंदा. बापाच्या पेटीची नक्कल ती गेली दोन वर्षं आठवणीवर करत होती. आता खरी पेटी पुढ्यात होती. तिनं पेटीत एक आवाज सोडला, जाड घोगऱ्या हुंकापासून चढत चढत शिट्टीसारखा बारीक होत गेलेला. पलीकडनं काय येतं ते लॅपटॉपनं टिपलं. पडद्यावर वाकड्या रेघा उमटल्या, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या गवतासारख्या.

"बघा काका. जाड सूर आधी पोचतो. बारीक मागनं रेंगाळत येतो. म्हणून स्प्रिंगेचा आवाज असा टपकल्यासारखा येतो, पाण्याचा थेंब पडावा तसा. मी आता आकड्यांच्या स्प्रिंगा करणार. कुठला सूर किती मागं ठेवायचा, टोकावर आपटून किती परत फिरवायचा, सगळं आकड्यांत."

"आन् मूठ?"

"मूठ पण करीन. एक बटण देईन त्याला."

ओबेदला ते आवडलं. पोरगी बापासारखी ओठ चावत काम करत होती. तो तिच्यासाठी कडू कारल्याच्या पाल्याचा काढा घेऊन आला, ती तोंड वाकडं करून प्यायली. दुपार कलली तेव्हा तिनं नकलेतनं एक ढोलाचा ठोका सोडला. मग खऱ्या पेटीतनं तोच. दोन्हींत फरक ओळखू येईना.

"अगं, जुळी हायत की!" ओबेद म्हणाला.

नॉर्डिया हसली नाही. तिनं ठोका परत सोडला. परत. मग उठून कोपऱ्यातल्या ढिगातनं बापाची एक रेकॉर्ड काढली आणि लावली. ढोलाचा ठोका, घुमारा, आणि तो घुमारा परत यायच्या आत, मधेच, हळूच आणखी एक. कुणी गोष्ट सांगावी आणि अंधारातनं दुसऱ्या कुणी "हूं" म्हणावं तसा.

तिनं सुई उचलली. "हा कुठं गेला, काका?"

"कुठला?"

"हा मधला. पेटीत नाही येत. काही हलवलं का आत?"

"हलवलं न्हाई. नीट केलं." ओबेदनं छाती पुढं काढली. "तुटकी स्प्रिंग होती पोरी, माजाच डाग होता, घाणेरडा, वादळाच्या सालचा. इतकी वर्षं तुज्या बानं करू दिला न्हाई. म्हटलं, पोरगी फोटू काढणार, तर फोटूत तरी पेटी धड दिसंल."

नॉर्डिया खाली बसली. खुर्ची जवळच होती, पण जमिनीवरच बसली.

"काय झालं?"

"तुम्ही गाठ काढली?"

"तुला गाठ म्हाईत हाय?"

"काका, ती गाठच तर होती सगळी." तिनं दोन्ही हात डोक्यावर दाबले. "आवाज तिथं अर्ध्यात अडखळायचा. निम्मा पुढं जायचा, निम्मा तिथनंच माघारी फिरायचा. म्हणून तो मधला यायचा. बाबा म्हणायचा, दुसऱ्या कुठल्याच पेटीत तो न्हाई. फोनवर दर वेळी तेच. ओबेदच्या हातानं एकदाच झालं म्हणायचा, आन् ओबेदला ते ठावकी बी न्हाई."

बाहेर कुणीतरी डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटली आणि चौघं हसले.

"मग मला सांगितलं का न्हाई त्यानं?" शेवटी ओबेदनं विचारलं.

"मी विचारलं होतं एकदा." नॉर्डिया बापाच्या बोलीत आली. "म्हनला, ओबेदला सांगितलं तर बोळातल्या समद्यांच्या पेटीला तशी गाठ बांधून देईल तो. त्याला कुनाला न्हाई म्हनायला येत न्हाई. लई भला मानूस हाय, म्हनून सांगत न्हाई."

ते खरं होतं. ओबेदनं प्रत्येकाला बांधून दिली असती, वर चहा पाजला असता. लेबर्टनं त्याला नीट ओळखलं होतं, आणि ओळखलं म्हणूनच गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा ओबेदनं इतकी वर्षं उलटा अर्थ लावला. आता कुणावर चिडायचं? जो मेला त्याच्यावर चिडता येईना, आणि आपल्याच हातावर चिडून हात कुठं फेकायचा?

तो उठला आणि घरी धावला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांनी धावू दिलं तेवढा. मर्ल मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"केर कुठाय त्या दिवशीचा?"

"जाळला की. का?"

ओबेदनं राखेत हात घातला. राख गार, वर कोंबड्यांनी उकरलेली. स्प्रिंगेचे दोन तुकडे सापडले, काळे, ताव जाऊन दोऱ्यासारखे मऊ झालेले. सरळ केले तर सरळ राहिले. मर्ल कपडे टाकून आली, त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालं ते विचारलं नाही. शेजारी बसून तीही राख चाळायला लागली.

स्टुडिओत परत येऊन त्यानं नव्या स्प्रिंगेला गाठ बांधायला घेतली. मुद्दाम तोडली, टोकं अडकवली, डाग मारला. डाग छोटा, सुबक बसला, हात इतक्या वर्षांत शिकलेला. आवाज गाठ नसल्यासारखा सरळ निघून गेला. मोठा मारला, तर स्प्रिंग मुकी झाली. मग हात ओले करून बघितलं. मग डोळे मिटून. स्प्रिंगांचा डबा रिकामा झाला तरी कुठलीच गाठ बोलली नाही. वाईट डाग मारायचं त्याच्या हातून होईना.

"ऱ्हाऊ दे काका," नॉर्डिया म्हणाली. "मी आकड्यांत गाठ घालते. रेकॉर्डी ऐकून. तुम्ही बसा माझ्याशेजारी. तुम्ही सांगा, अलीकडं का पलीकडं, जड का हलका."

तो बसला. तिनं नकलेतल्या स्प्रिंगेत मधेच एक अडखळ घातली आणि ठोका सोडला. ठोका, घुमारा, हूं.

"असा होता?"

ओबेदनं डोळे मिटले. आठवायला गेला, तर त्याला ऊस आठवला. गाडीवरचं सूप आठवलं, त्यातली मिरची. वळलेली पाठ आठवली. तो आवाज जिथं जिथं लागला तिथनं तो निघून गेला होता. ती गाठ ज्यानं मारली त्यानंच ती धड ऐकली नव्हती.

"मला न्हाई सांगता यायचं, पोरी."

"थोडा अलीकडं घेऊ?"

"मला ठावकी न्हाई गं." आणि मग तो माणूस, जो बापाच्या मयताला रडला नव्हता, त्यानं मिक्सरच्या कडेवर कपाळ टेकलं.

नॉर्डियानं एकटीनंच केलं. रेकॉर्डी झिजलेल्या, ढोलात बास मिसळलेला, त्यातनं ती गाठ वेचून काढायची म्हणजे शिजलेल्या रश्श्यातनं मीठ वेचून काढायचं. तरी तिनं बरंच जवळ आणलं. पण कारखान्यातनं आल्यासारखं, दर वेळी अगदी तेवढंच.

दफन झालं. जांभळी फीत लावलेली गाडी परतली आणि दुपारीच स्टुडिओच्या अंगणात कर्ण्यांचे थर लागले. बोकडाच्या मुंडीचा रस्सा मोठ्या पातेल्यात उकळत होता, कुणी मेलेल्याच्या नावानं जमिनीवर पांढऱ्या रमची धार धरली. रेकॉर्ड लावणाऱ्यानं नॉर्डियाचा लॅपटॉप जोडला आणि लेबर्टची एक जुनी चाल तिच्या आकड्यांच्या पेटीतनं सोडली. बास लागला तसं अंगण हललं. मग ठोका, घुमारा, हूं.

"लेबर्टऽऽ!" लोक ओरडले. पत्र्याच्या कुंपणावर तळहात बडवले, पातेल्यांची झाकणं आपटली. एक म्हातारी उन्हात डोळे मिटून नाचत होती. "त्योच हाय बघा," तिनं ओबेदला खेचून सांगितलं. "मेला न्हाई म्हणावं. ऐक की! त्योच हाय!"

"व्हय," ओबेद म्हणाला. "त्योच."

नॉर्डियानं बटण दाबलं. ढग गडगडले. लोकांनी आरोळी ठोकली. तिनं परत दाबलं. तेच ढग तसेच गडगडले. ओबेदनं पहिल्यांदाच, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, जागचं न हलता कान देऊन ऐकलं. कर्ण्यांच्या त्या बाजूला नॉर्डिया उभी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. हा दर वेळी तोच येणारा घुमारा लेबर्टचा नव्हे, हे अंगणात दोघांनाच कळत होतं.

जायच्या दिवशी ती पेटी त्याला देऊ लागली. त्यानं घेतली नाही.

"तिला काय करू? कुठलीबी पेटी हाय ती आता."

"मी नाही रागावले, काका."

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला, कारण हेच शब्द लेबर्ट म्हणायचा ते त्याला आठवलं.

टॅक्सी बोळातनं वळली. मर्लनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "उचल. गार हुईल."

तो कप घेणार तोवर फाटकाशी बोळातली पॅन्सीबाई आली. डोक्यावर रविवारची टोपी, कमरेवर देवळातलं कर्ण्याचं मशीन, घामानं थबथबलेली.

"ओबेदभाऊ, गुणगुण करतंय बघा. पाद्रीबाबा प्रार्थना सांगतोय आन् ह्ये खाली मधमाशीवानी. समदी पोरं हसत्यात. उद्याच्याला पायजे."

"आन हिकडं. कितीदा सांगितलं, फ्रिजच्या वायरीत खुपसू नका म्हणून."

"आमी न्हाई, त्या शेजारच्यांनी."

"व्हय, शेजारच्यांनी. समदं शेजारीच करत्यात."

त्यानं मशीन टेबलावर उताणं घातलं, मागचे स्क्रू काढून झाकणात ठेवले आणि आतली धूळ फुंकरीनं उडवली. एक तार करपून काळी पडली होती. चष्मा कपाळावरनं खाली ओढला, सोल्डर गनचं बटण दाबलं, आणि ती तापेपर्यंत काळी तार पक्कडीनं सोलायला लागला.